ग्वाल्हेरच्या रस्त्यांवरची झाडे: जानेवारीचा पाला आणि मेची लू सोसणारे रोप कसे निवडावे, कसे जगवावे

ग्वाल्हेरला थंड शहर म्हणावे की उष्ण, हा वाद झाडे लावणाऱ्याला परवडत नाही, कारण त्याला दोन्ही शहरांचा हिशोब एकाच खड्ड्यात करावा लागतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि लू दिवस मावळेपर्यंत वाहते. त्याच शहरात जानेवारीच्या निरभ्र रात्री तो ४-५ अंशांच्याही खाली उतरतो आणि पहाटे गवतावर गोठलेले दव दिसते. यालाच इथे ‘पाला पडणे’ म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हा शब्द ऐकून झाडाचा पाला गळत असेल असे वाटते, आणि आपल्याकडे तर तो पडला की झाडाचा पाला जळतो.

शिकागो किंवा मिनियापोलिस यांसारख्या खरोखर थंड शहरांत झाडांना गोठणारी जमीन आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ सोसावे लागते. मात्र तेथील झाडे हिवाळा लागण्यापूर्वीच पाने गाळून निजलेली असतात. आपले कोवळे रोप नोव्हेंबरअखेरपर्यंत पालवी काढत असते, थंडीचा कडाका त्याच्यावर मोजक्या रात्रींपुरता पण अवचित येतो, आणि त्यातून ते वाचले तर चार महिन्यांनी त्याला भट्टीसमोर उभे राहावे लागते. नर्सरीवाला ‘हे कुठेही लागते’ असे म्हणतो, तेव्हा त्याला या दोन्ही ऋतूंबद्दल वेगवेगळे विचारावे.

लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने सप्टेंबरच्या शेवटी अकरा रोपे लावली होती. फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी चार उरली. सगळ्यांनी दोष थंडीला दिला, आणि मीही दिला. नंतर एक वाळलेले रोप उपटायला गेलो, तर ते मुळ्याच्या जुडीसारखे एका हिसक्यात हातात आले, कारण काळी पॉलिथिनची पिशवी तळाशी जशीच्या तशी होती. पिशवी फाडली तेव्हा आत मुळे जिलबीच्या वेढ्यांसारखी गोल गोल फिरलेली दिसली, आणि एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेले नव्हते. पाच महिने ते रोप जमिनीत नव्हे, पिशवीतच राहत होते. थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला. त्यानंतर रोप मेल्याचे कारण हवेत शोधण्याआधी मी ते खड्ड्यात शोधू लागलो.

जागा आधी, झाड नंतर

रोप आणण्यापूर्वी दुपारी तीनच्या सुमारास रस्त्यावर उभे राहून ऊन कोणत्या दारांवर येते ते पाहावे. रस्ता दक्षिणोत्तर असेल, तर ज्या घरांचे तोंड पश्चिमेला आहे त्यांच्यासमोर दाट सावलीचे झाड सर्वांत जास्त उपयोगी पडते. रस्ता पूर्व-पश्चिम असेल, तर दक्षिणमुखी घरांपुढे मात्र सदाहरित झाड लावू नये. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरातला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो, आणि ओट्यावर बसून ऊन खाणाऱ्या आजी-आजोबांचे ते ऊन असे झाड हिरावून घेते. तिथे हिवाळ्यात पाने गाळणारे झाड हवे.

मग वर पाहावे आणि खालीही. विजेच्या तारांखाली पूर्ण वाढल्यावर ६ मीटरच्या पुढे न जाणारे झाडच लावावे. नाहीतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तारांसाठी त्याचा मधला शेंडा कापला जातो आणि झाड गुलेलीसारखे दुबेळके होऊन बसते. गटाराच्या चेंबरपासून आणि पाण्याच्या मुख्य नळापासून दोन ते तीन मीटर, दिव्याच्या खांबापासून सुमारे ५ मीटर आणि चौकाच्या कोपऱ्यापासून सुमारे १० मीटर अंतर सोडावे, म्हणजे वळणारे वाहन दिसते. लहान झाडांत ५ ते ६ मीटर आणि मोठ्यांत १० ते १२ मीटर अंतर ठेवावे. सुरुवातीला ते विरळ दिसते आणि शेजारी ‘मध्ये अजून एक लावा ना’ असे सुचवतात, ऐकू नये.

दौलतगंज किंवा सराफ्यामागच्या काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे झाड लावणे म्हणजे झाडावर आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांवर दोघांवरही अन्याय. तिथे अंगणात किंवा गच्चीत जे होईल ते करावे. रस्त्याची जागा सार्वजनिक असल्याने लावण्यापूर्वी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी, कारण पुढे रस्ता रुंद करताना किंवा नळ टाकताना हा कागदच उपयोगी पडतो. लावलेले झाड पुढे तोडायचे झाले तर मध्य प्रदेशाच्या २००१ च्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग ते आपणच लावलेले असो.

कोणते झाड

इथे मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो: मे महिन्यात त्या झाडावर पाने असतात का? ही कसोटी लावली की पुष्कळ लाडकी झाडे मागे पडतात. बहावा, म्हणजे नर्सरीतला अमलतास, मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी डोळे दिपवतो, पण त्या वेळी त्याच्या अंगावर पाने फार थोडी असतात आणि खाली उभे राहिले तर डोके तापतेच. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये उघडा असतो, लहानपणी त्याला पाला सोसत नाही, आणि मोठेपणी आंधीत त्याच्या फांद्या कडाकड मोडतात. ही दोन्ही झाडे बागेत किंवा चौकातल्या बेटावर शोभतात; ज्या फुटपाथवरून शाळेतली मुले दुपारी दीडला घरी येतात, तिथे ती लावू नयेत.

कडुलिंब या कसोटीत पहिला येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने गाळतो आणि एप्रिलमध्ये नवी पालवी घेऊन मेच्या आत पूर्ण भरतो, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी ऊन आणि उन्हाळ्यात सावली. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत त्याचे कोवळे शेंडे पाल्याने काळे पडतात, पण खालून तो पुन्हा फुटतो. करंजही तसाच भरवशाचा आहे. त्याला हलका पाला सोसतो, मार्च-एप्रिलमध्ये पाने बदलून तो लगेच चकचकीत हिरवा होतो, आणि गुरे त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत. ज्या शहरात मोकाट गाय फुटपाथवरचीच रहिवासी आहे, तिथे हा गुण लहान नाही.

रुंद रस्त्यांसाठी शिरीष, अर्जुन आणि जांभूळ घ्यावेत. शिरीष हिवाळ्याच्या उत्तरार्धात वाळक्या शेंगा खुळखुळवत उघडा उभा राहतो आणि ऊन खाली येऊ देतो, पण त्याच्या जुन्या फांद्या ठिसूळ होतात, म्हणून शाळेच्या फाटकापाशी तो नको. अर्जुनाला पाण्याची ओल आवडते. स्वर्णरेखेच्या काठच्या सखल भागांत तो चांगला वाढतो, मात्र लहानपणी त्याला पाल्यापासून जपावे लागते. दिल्लीच्या जुन्या राजमार्गांवर जांभूळ मोठ्या प्रमाणावर लावले आहे आणि त्याची सावली अप्रतिम असते, पण जूनच्या शेवटी फळांचा सडा पडला की दुचाक्या घसरतात, हे लावतानाच जाणून असावे. शिसव म्हणजे शीशम थंडीला सर्वांत काटक, कारण हिमालयाच्या पायथ्याचेच ते झाड आहे. मात्र उत्तर भारतात गेल्या काही दशकांपासून ते शेंड्याकडून वाळत जाण्याच्या रोगाने पछाडले आहे, म्हणून दहात एखादेच लावावे.

तारांखालच्या जागेसाठी कांचन, म्हणजे कचनार, बरा. थंडी तो सोसतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने नसताना फुलतो, आणि वेळच्या वेळी छाटणी केली तर तारांच्या खाली ठेवता येतो. बकुळ, जिला नर्सरीत मौलश्री म्हणून मागावे लागते, सावकाश वाढते आणि पहिली दोन-तीन वर्षे तिला थंडीपासून झाकावे लागते. पण नंतर मेच्या उन्हातही ती गर्द असते, आणि तिच्यासाठी एवढी खटपट करायला मी तयार असतो.

वड आणि पिंपळ फुटपाथवर लावू नयेत. त्यांना कमीत कमी पाच-सहा मीटर मोकळी माती हवी आणि ती फक्त मोठ्या चौकांत किंवा देवळांच्या आवारात मिळते. तिथे मात्र एक वड अवश्य असावा. आपल्या बायका ज्येष्ठ पौर्णिमेला वडाची पूजा करतात, शेजारच्या हिंदीभाषक घरांतल्या अमावास्येलाच करून मोकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे ग्वाल्हेरातल्या वडाला पंधरवड्यात दोनदा सूत गुंडाळले जाते. चिंचेचेही तसेच: हजिरा भागात तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने गळ्यासाठी खुडण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे, पण चिंचेला पिढ्यांचा वेळ आणि भरपूर जागा लागते.

झटपट हिरवे करणाऱ्या झाडांचा मोह टाळावा. कोनोकार्पसच्या लागवडीवर शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. सप्तपर्णी हिवाळ्याच्या तोंडी फुलते तेव्हा त्या उग्र वासाने अनेकांचे डोके धरते, म्हणून ती खिडक्यांसमोर ओळीने लावू नये. उंच अशोक सरळ खांबासारखा वाढतो आणि सावली देतो ती खांबाएवढीच.

आता प्रमाणाची गोष्ट. अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये ॲश जातीच्या झाडांचा एक परका भुंगा आढळला आणि पुढच्या वर्षांत तेथील शहरांनी ज्या रस्त्यांवर दुतर्फा ॲशच लावले होते ते उजाड झाले. फ्रँक सॅंटामोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्ये, नियम सुचवला होता की शहरातल्या झाडांत एका जातीची (स्पीशीज) १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. हा धोका दूरचा नाही: तेलंगणात २०२१ च्या सुमारास हजारो कडुलिंबांचे शेंडे एकदम वाळले होते. म्हणून कडुलिंबाचे मी एवढे गुणगान केले असले, तरी वीस झाडांच्या गल्लीत त्याची दोनच असावीत. करंज, शिरीष, शिसव, बहावा आणि कांचन हे सगळे एकाच शेंगांच्या कुळातले आहेत, हे नावांवरून लक्षात येत नाही आणि यादी करताना हटकून विसरले जाते.

रोप पाहून घेणे

रोपाच्या उंचीला भुलू नये. बारा फुटी रोप पहिल्या दिवशी छायाचित्रात चांगले दिसते, पण त्याची मुळे पानांना पाणी पुरवू शकत नाहीत आणि ते दोन वर्षे जागच्या जागी कण्हत राहते. सहा ते आठ फूट उंच, बुंध्याशी अंगठ्याएवढे जाड आणि वर निमुळते होत गेलेले रोप घ्यावे. बांबू सोडून पाहावा. रोप लवून जमिनीकडे गेले तर ते बांबूच्या जोरावर उभे होते असे समजावे. मधला शेंडा एकच आणि शाबूत हवा. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर येऊन नर्सरीच्या जमिनीत शिरली असतील, तर उचलताना ती तुटणारच, म्हणून ते रोप सोडून द्यावे. शक्य असेल तर ज्या रोपांनी एक हिवाळा ग्वाल्हेरातच उघड्यावर काढला आहे तीच मागावीत. दूरच्या दमट भागातून ट्रकने आलेली चमकदार रोपे पहिल्याच जानेवारीत माना टाकतात.

खड्डा

खड्डा मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावा. शहरातल्या फुटपाथखाली माती क्वचितच असते. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वाळू निघते, आणि हा चुनखट मलबा मुळांना मानवत नाही. तो बाहेर काढून शेतातली किंवा बागेतली चांगली माती आणावी लागते, आणि या एका बाबतीत खर्च वाचवू नये. खड्डा एक ते सव्वा मीटर रुंद असावा, पण खोली मुळांच्या गड्ड्याइतकीच ठेवावी. आपल्याकडे मीटरभर खोल खणून तळाशी भुसभुशीत खत भरण्याची रीत आहे. पहिल्याच पावसात ते दबते, रोप खाली बसते आणि बुंध्याचा गळा मातीत गाडला जातो. तळ न हलवलेल्या घट्ट जमिनीचा असू द्यावा, कारण झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच आडवी पसरतात आणि त्यांना खोलीपेक्षा रुंदी हवी असते.

किल्ल्याच्या आसपास खडक लवकर लागतो. तिथे खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर पहारीने तळ फोडून वाट करावी, आणि तरीही पाणी जिरत नसेल तर जागा बदलावी.

भरावासाठी तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत पुरे होते. कच्चे शेण घातले तर वाळवीला आमंत्रणच. ग्वाल्हेरात वाळवीने मेलेली रोपे मी पाल्याने मेलेल्यांपेक्षा कमी पाहिलेली नाहीत. दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी.

लावणी

दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या की जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावावे. इथला पाऊस जवळजवळ सगळा जुलै ते सप्टेंबर याच काळात पडतो, आणि जुलैमध्ये लावलेल्या रोपाला थंडीआधी मुळे पसरायला पाच महिने मिळतात. सप्टेंबरअखेर लावलेल्याला ते मिळत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी लावणी होऊ शकते, पण जूनपर्यंत पाण्याची पक्की सोय असेल तरच.

आदल्या संध्याकाळी पिशवीतली माती भिजवावी. खड्ड्याच्या कडेला रोप आडवे करून पिशवी वरपासून खालपर्यंत ब्लेडने चिरावी आणि पूर्ण काढून टाकावी, तळाचा गोल तुकडाही. गड्ड्याच्या बाजूंना गोल फिरलेली मुळे दिसली तर चार बाजूंनी बोटभर खोल उभे काप द्यावेत आणि तळाचे गुंडाळे कापून टाकावे. पाहणाऱ्याला हे निर्दय वाटते. पण न कापलेले मूळ वाढता वाढता दहाव्या-बाराव्या वर्षी आपल्याच बुंध्याला फास लावते. मग रोप उभे करून खोड जिथे मुळांकडे रुंदावते तो भाग आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर आहे ना, हे आडवी काठी ठेवून पाहावे. माती थराथराने भरून हाताने दाबावी, पायाने तुडवू नये. लगेच दोन बादल्या पाणी घालावे.

आळे बुंध्याभोवती घट्ट न करता गड्ड्याच्या बाहेरच्या कडेवर करावे, आणि त्यात वाळलेल्या पानांचा तीन इंची थर पसरून खोडाला लागून चार बोटे जागा मोकळी सोडावी. फरशी बसवणारे कामगार आळ्यापर्यंत सिमेंट आणतात. त्यांना एक मीटरची मोकळी चौकट दाखवून तिथे उभे राहावे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितले होते, हे त्यांच्या मुकादमाला सांगितल्यास उपयोग होतो.

पाणी

रोज तांब्याभर पाणी घालणे हे न घालण्यापेक्षा थोडेच बरे. त्याने वरची दोन इंच माती भिजते, मुळे वरच राहतात आणि पुढे फरशी उचलतात. पावसाने ताण दिला तर पहिले तीन आठवडे एक दिवसाआड एक बादली द्यावी. ऑक्टोबरपासून आठवड्याला सुमारे २० लिटर, एप्रिल ते जून आठवड्यातून दोनदा तेवढेच. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा ४० लिटर, तिसऱ्यात दहा-बारा दिवसांनी ६० लिटर. शहराला पाणी तिघऱ्याच्या धरणातून येते आणि उन्हाळ्यात ते एक दिवसाआड आले की झाडाची पाळी शेवटी लागते. म्हणून मी प्रत्येक आळ्यात तळाला बारीक छिद्र पाडलेले न रंगवलेले साधे मडके गळ्यापर्यंत पुरतो आणि वर परळ ठेवतो. एकदा भरले की ते रात्रभर झिरपत राहते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते, ते रोज देऊ नये, आणि साबणाचे तर कधीच नाही.

पाल्याच्या रात्री

आकाश स्वच्छ, वारा बंद आणि संध्याकाळी सहालाच बोटे गारठत असतील, तर त्या रात्री पाला पडण्याची शक्यता असते. ढग असले किंवा वारा वाहत असला तर धोका कमी. थंड हवा जड असल्याने ती सखल जागी साचते, म्हणून एकाच रस्त्याच्या उताराच्या टोकाची रोपे आधी जळतात. अशा संध्याकाळी आळ्यात पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते. पहिले दोन हिवाळे रोपाभोवती तीन काठ्या रोवून उत्तर, पश्चिम आणि वरून गवताचा किंवा जुन्या गोणपाटाचा आडोसा करावा, आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते. रोपावर प्लॅस्टिक थेट टाकले तर जिथे ते पानाला चिकटते तिथेच पान जळते. सप्टेंबरनंतर युरिया देऊ नये, कारण त्याने फुटणारी कोवळी पालवी नेमकी पाल्याच्या तोंडी येते.

जळलेले शेंडे पाहून लगेच कात्री हातात घेऊ नये. काळी पडलेली पाने खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवे कोंब फुटण्याच्या जागांना, झाकतात. होळीपर्यंत थांबावे आणि मग नखाने साल किंचित खरवडावी: आत हिरवे दिसते तिथपर्यंत फांदी जिवंत आहे, तिच्या वर कापावे. आमच्या गल्लीतली एक बकुळ जानेवारीत काळी ठिक्कर पडली होती आणि दोघांनी ती उपटायला सुचवले. एप्रिलमध्ये बुंध्यापासून हातभर वर तिला कोंब आले.

ऊन, आधार आणि छाटणी

कोवळ्या खोडाची पश्चिमेकडची साल मेच्या दुपारी भाजून उभी फाटते आणि त्या फटीतून कीड शिरते. मार्चमध्ये खोडाला तीन फुटांपर्यंत चुना आणि गेरू लावावा. त्याने वाळवीची वाटही लवकर दिसते, कारण पांढऱ्यावर तिचा मातीचा पट्टा उठून दिसतो.

आधाराला दोन बाजूंना दोन बांबू ठोकून मध्ये रोप सुतळीच्या आठाच्या आकड्यात सैल बांधावे, जेणेकरून वाऱ्यात ते थोडे डोलेल. डोलल्यानेच खोड जाड होते. तार वापरू नये. वर्षभराने बांबू काढून टाकावेत. खालच्या बारीक फांद्या पहिल्या वर्षी राहू द्याव्यात, त्या खोडाला बळ आणि सावली देतात. दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारीच्या शेवटी दरवर्षी दोन-तीनच काढाव्यात आणि एका वेळी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाला घेऊ नये. शेंड्याला दोन टोके फुटली तर दुबळे कापावे. शेवटी फुटपाथवर अडीच मीटर आणि वाहनांच्या बाजूला साडेचार मीटर मोकळी उंची मिळायला हवी.

गायी-बकऱ्यांसाठी लावलेली लोखंडी जाळी चौथ्या वर्षी काढावी लागते, आणि हे काम सगळ्यांच्या स्मरणातून सुटते. फुलबागेच्या बाजूला एक कडुलिंब आहे, ज्याने आपल्या जाळीच्या दोन सळ्या खोडात गिळल्या आहेत. आता त्या कापल्याशिवाय निघत नाहीत आणि कापताना साल सोलली जाते. जाळी बसवतानाच तिला वेल्डिंगऐवजी नटबोल्ट लावून घ्यावेत.